लांब नखं आणि कॉन्टॅक्ट लेन्स : डोळा कसा सांभाळायचा

मे महिना आला की महाड-पोलादपूरकडे आपल्या गावांत शादीची धामधूम सुरू होते. मुंबईवाले गावी येतात, आखातातले सुट्टी काढून येतात, घरोघरी मांडव पडतात. हल्ली नवरीच्या आणि तिच्या बहिणींच्या सामानात दोन नव्या वस्तू हमखास दिसतात. एक म्हणजे चिकटवलेली लांब नखं आणि दुसरी म्हणजे रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स. कॉलेजला जाणाऱ्या चष्मेवाल्या मुलींकडे तर नंबरच्या लेन्स बारा महिने असतात, आणि नखं वाढवायची हौसही असते. या दोन गोष्टी एकाच हातात आल्या की काय काळजी घ्यायची, हे नीट सांगणारं मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा लेख.

लिहायला बसण्याचं कारण घरातलंच आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या मैत्रिणीची शादी होती. भाचीने हौसेने करड्या रंगाच्या लेन्स आणल्या, डोळे न तपासता, कोणालाही न विचारता. नखंही चिकटवून घेतली. वलिम्याच्या रात्री एक-दीडला घरी आली, दमलेली. आरशासमोर उभी राहून लेन्स काढायला लागली. डाव्या डोळ्यातली निघाली. उजव्या डोळ्यातली काही केल्या निघेना. चिमटा घेऊन ओढत राहिली. प्रत्यक्षात उजव्या डोळ्यात लेन्स नव्हतीच, ती मांडवातच कधीतरी पडून गेली होती. ती चिमटा घेत होती तो स्वतःच्या बुबुळावर, नखांनी. सकाळी डोळा लालभडक. घरच्यांनी मेडिकलमधून थेंब आणून घातले. ते थेंब स्टेरॉइडचे निघाले. तिसऱ्या दिवशी "खाला, मला उजेडच सहन होत नाही" असा तिचा फोन आला तेव्हा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डोळा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण बुबुळावर बारीक पांढरा डाग राहिला, आपल्याकडे ज्याला फूल पडलं म्हणतात तो. त्या डोळ्याने तिला आता थोडं धुरकट दिसतं.

त्यानंतर डॉक्टरांना मी बरेच प्रश्न विचारले, बरंच वाचलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

डोळ्याचा काचेसारखा पडदा

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मधोमध त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो पारदर्शक राहतो, आणि म्हणूनच त्याला लागणारा ऑक्सिजन बराचसा थेट हवेतून आणि अश्रूंतून मिळतो. त्याच्या सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा पातळ असतो. हा थर शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतू आत शिरू शकत नाहीत. त्यावर ओरखडा पडला की दार उघडलं.

मऊ लेन्स या पडद्यावर अश्रूंच्या थरावर तरंगत बसते. कॉर्नियाची रुंदी साधारण साडेअकरा-बारा मिलिमीटर आणि मऊ लेन्स चौदा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ती कॉर्निया पूर्ण झाकून थोडी पांढऱ्या भागावर येते. लेन्समध्ये पाणी मुरलेलं असतं, म्हणून ती मऊ असते. आणि म्हणूनच ती ज्यात बुडवाल ते शोषून घेते: पाणी, साबण, अत्तर, मेहंदीचं तेल.

नखाचा धोका दुहेरी आहे. एक तर ते टोकदार आहे. पण डॉक्टरांच्या मते जास्त वाईट गोष्ट म्हणजे नखाखालची मळी. हाताच्या तळव्यावर जेवढे जंतू असतात त्यापेक्षा कितीतरी जास्त नखाखालच्या फटीत असतात, आणि साधं हात धुऊन ते पूर्ण जात नाहीत. नुसत्या काडीने डोळ्याला ओरखडा पडणं वेगळं, आणि मळी भरलेल्या नखाने पडणं वेगळं. दुसऱ्यात ओरखडा आणि जंतू एकाच वेळी पोचतात.

हे किती गंभीर असू शकतं याचं एक उदाहरण दवाखान्याच्या जगातलं आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा इथे १९९७-९८ मध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात स्युडोमोनास नावाच्या जंतूची साथ आली आणि १६ बाळं दगावली. तपासात दोन परिचारिकांशी या साथीचा संबंध दिसला. एकीची स्वतःची नखं लांब होती, दुसरीने कृत्रिम नखं लावली होती. लेन्सवाल्यांच्या डोळ्यात होणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गात हाच स्युडोमोनास सगळ्यात जास्त वेळा सापडतो. तो एकदा कॉर्नियात शिरला की एक-दोन दिवसांत पडदा कुजवू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी २००९ साली हातांच्या स्वच्छतेची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नखाचं टोक अर्धा सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा आणि कृत्रिम नखं लावू नका असं आहे. इथे मला एक गंमत दिसली. नखं चाळीस दिवसांपेक्षा जास्त न कापता ठेवू नयेत, ही मुस्लिम शरीफमधली हदीस आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हाताचं नख महिन्याला साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर वाढतं. चाळीस दिवसांचं गणित मांडून बघा, चार-साडेचार मिलिमीटर होतं. माझ्या सातवीच्या मुलींना मी हे त्रैराशिक घातलं होतं.

तरी ज्यांना नखं ठेवायचीच आहेत त्यांना मी एक तडजोड सांगते. दोन्ही हातांचे अंगठे आणि अंगठ्याशेजारचं बोट, एवढी चार नखं कापा, बाकी सहा राहू देत. लेन्सचं नव्वद टक्के काम या चार बोटांचं आहे. आणि करंगळीचं नख वाढवून फिरणारे आपले काही भाईजान आहेत, त्यातले काही लेन्सही घालतात. हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

पाक पाणी आणि निर्जंतुक पाणी

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त समजवावी लागते, म्हणून जरा सविस्तर.

वुजूला जे पाणी चालतं ते पाक पाणी. विहिरीचं, नदीचं, पावसाचं, नळाचं, सगळं चालतं. पण पाक असणं आणि निर्जंतुक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाच्या पाण्यात, विहिरीत, गच्चीवरच्या टाकीत, अगदी धुळीतसुद्धा अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. आपण ते पाणी पितो, त्याने तोंड धुतो, काही होत नाही. लेन्सवर चिकटून तोच जीव डोळ्यावर तासन् तास बसला, आणि खाली बारीकसा ओरखडा असला, की तो कॉर्नियात घर करतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. नळाच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरीन त्या कवचाला पुरत नाही. उपचार महिनोन् महिने चालतात, दुखणं भयंकर असतं आणि काहींना शेवटी कॉर्निया बदलावा लागतो.

म्हणून लेन्सला कुठलंच पाणी लावायचं नाही. फिल्टरचं नाही, उकळलेलं नाही, बिसलेरीची बाटली फोडून नाही. एका बाईंनी उमराहून आणलेल्या आबे जमजममध्ये लेन्स धुतल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. त्यांची श्रद्धा मी समजू शकते, पण ते पाणी पिण्यासाठी आहे. तोंडातली थुंकी लावून लेन्स डोळ्यात घालणारेही आहेत, ते तर नकोच. लेन्स पडली, सुकली, धूळ लागली, तर फक्त लेन्सचं सोल्यूशन. ते जवळ नसेल तर लेन्स टाकून द्यायची आणि चष्मा लावायचा. नुसतं सलाइनही पुरेसं नाही, त्याने लेन्स ओली राहते पण जंतू मरत नाहीत.

२२ जुलै २०२१ च्या पुराच्या वेळी महाडच्या बाजारपेठेत सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर कितीतरी दिवस नळ, टाक्या, विहिरी सगळीकडे गाळ होता. तेव्हा लेन्सचा विचार कोणाला होता म्हणा. पण असं पाणी घरात आलं असेल, किंवा पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येत असेल, तर ते दिवस लेन्स पेटीत बंद ठेवायच्या. पुराचं पाणी लागलेली डबी, बाटली, लेन्स, सगळं फेकून द्यायचं. पाच-सहाशे रुपये वाचवायच्या नादात डोळा घालवू नका.

हात धुण्यापासून सुरुवात

साधा साबण घ्या, मलई किंवा तेलाचा नको. सुगंधी साबणाचा थर बोटावर राहतो आणि लेन्सवर जातो. नखं लांब असतील तर एक जुना मऊ टूथब्रश फक्त याच कामासाठी वेगळा ठेवा आणि साबण लावून नखाखालून फिरवा, आतून बाहेर. मग हात पूर्ण कोरडे करा. हे कोरडं करणं महत्त्वाचं आहे, कारण ओल्या बोटावरचं नळाचं पाणी म्हणजेच वरच्या परिच्छेदातलं पाणी. दुपट्ट्याला हात पुसू नका, धागे आणि तंतू चिकटतात. धुतलेला, तंतू न सुटणारा रुमाल वेगळा ठेवा.

सॅनिटायझर हा पर्याय नाही. त्याने मळी निघत नाही, आणि बोटावर राहिलेलं अल्कोहोल डोळ्यात गेलं तर आग होते.

हिरवी मिरची चिरली असेल, मसाला कुटला असेल, सुकट-बोंबील साफ केले असतील, तर लेन्सच्या आधी दोन-तीनदा साबणाने धुवा. नखाखाली अडकलेलं मिरचीचं तिखट तासाभरानेही निघतं, हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांनी कधी ना कधी अनुभवलेलं आहे. ताज्या मेहंदीच्या हातांनी तर लेन्सला हातच लावू नका. मेहंदीत निलगिरीचं किंवा लवंगीचं तेल असतं, रंग चढावा म्हणून वरून साखर-लिंबू लावलेलं असतं. त्या दिवशी लेन्स घालायचीच असेल तर स्वच्छ हातांच्या बहिणीने किंवा मैत्रिणीने घालून द्यावी, तीही लेन्स वापरणारी, हात बसलेली असावी. नाहीतर मेहंदीच्या दिवशी चष्मा.

घालताना

पूर्ण पद्धत एका वाक्यात सांगायची तर: लेन्सला आणि डोळ्याला लागेल ती बोटाची गादी, टोक कधीच नाही. गादी म्हणजे रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावताना जो भाग टेकवतो तो. नखं लांब असताना बोट उभं धरलं की नख आधी पोचतं. बोट आडवं, जवळजवळ चेहऱ्याला समांतर धरलं की गादी आधी पोचते.

लेन्स डबीतून किंवा पाकिटातून काढताना नखाने उचलू नका. तिथेच बहुतेक लेन्स फाटतात. डबी हातावर उलटी करून सोल्यूशनसकट लेन्स तळहातावर घ्या. किंवा मऊ सिलिकॉनच्या टोकाचा छोटा चिमटा मिळतो, तो फक्त डबीतून उचलायला वापरा. तो चिमटा डोळ्याजवळ न्यायचा नाही. तो आणि डबी रोज सोल्यूशनने धुऊन हवेवर सुकवायचे.

मग लेन्स उलटी नाही ना ते बघा. गादीवर ठेवून बाजूने पाहिली तर सरळ लेन्स वाटीसारखी दिसते, कडा सरळ वर. उलटी असेल तर ताटलीसारखी, कडा बाहेर पसरलेल्या. संशय वाटला तर दोन गाद्यांमध्ये हलकेच दुमडा: करंजीसारखी कडेला कड आत वळली तर सरळ. कडा बोटाकडे उलट्या वळल्या तर उलटी आहे. काठाला चीर किंवा तुकडा गेलेला दिसला तर ती लेन्स तिथेच संपली. फाटलेल्या लेन्सची कड नखापेक्षा कमी नाही ओरबाडत.

आता उजव्या डोळ्यासाठी: डाव्या हाताच्या बोटाने वरची पापणी वर धरा, केसांच्या मुळाशी, बोट आडवं ठेवून. नखं फार लांब असतील तर बोट वाकवून त्याच्या मधल्या पेराच्या मागच्या बाजूने पापणी धरता येते, नखं तळहातात वळलेली राहतात. खालची पापणी उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या गादीने खाली ओढा. लेन्स अंगठ्याशेजारच्या बोटाच्या गादीवर. नजर वर छताकडे. लेन्स बुबुळावर न ठेवता खालच्या पांढऱ्या भागावर ठेवा, मग हळूच खाली बघा, लेन्स आपोआप मध्ये सरकते. नजर वर असल्यामुळे बोट चुकलं तरी बुबुळ वाचतं. लांब नखवालींसाठी ही पद्धत सगळ्यात सुरक्षित. बेसिनच्या भोकाला झाकण लावायला विसरू नका, आणि नेहमी एकाच डोळ्यापासून सुरुवात करा म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल होत नाही.

काढताना

खरे अपघात काढताना होतात. रात्र असते, झोप आलेली असते, लेन्स सुकून डोळ्याला घट्ट बसलेली असते.

पहिलं काम, लेन्स डोळ्यात आहे का ते बघणं. आरशात बाजूने, चांगल्या उजेडात पाहिलं की पांढऱ्या भागावर लेन्सची गोल कड दिसते. दुसरा डोळा झाकून बघा. नंबरची लेन्स असेल तर दूरचं अक्षर लागलीच सांगेल की लेन्स आहे की नाही. माझ्या भाचीने एवढं केलं असतं तर. लाइट गेले असतील तर मोबाइलचा उजेड दुसऱ्या कुणाला धरायला सांगा, अंदाजाने चिमटा घेऊ नका.

दुसरं, कोरडी लेन्स ओढायची नाही. लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब दोन-तीन घाला, पाच मिनिटं डोळे मिटून बसा, पापण्या मिचकावा. लेन्स हलायला लागली की मग पुढे.

नजर वर करा, गादीने लेन्स हळूच खाली पांढऱ्या भागावर सरकवा. तिथे अंगठा आणि बोट दोन्ही आडवे ठेवून गाद्यांनी तिला हलकेच एकत्र आणा, ती दुमडून हातात येते. नखं आड येत असतील तर एका हाताचा चिमटा सोडा आणि दोन्ही हातांची एक-एक बोटं वापरा. एक नाकाच्या बाजूने, एक कानाच्या बाजूने, दोन्ही गाद्या लेन्सच्या कडांना टेकवून एकमेकीकडे आणा. अशा वेळी नखं आपोआप बाहेरच्या दिशेला राहतात. तिसरी पद्धत म्हणजे डोळ्याला हात न लावता पापण्यांनी लेन्स काढणं. वरची पापणी अगदी केसांच्या कडेशी धरून किंचित वर, खालची तशीच किंचित खाली, आणि मग दोन्ही पापण्यांच्या कडा लेन्सखाली दाबत एकमेकींकडे आणायच्या. सवय व्हायला वेळ लागतो. चष्म्याच्या दुकानातल्या ऑप्टोमेट्रिस्टकडून समोरासमोर शिकून घ्या. बाजारात रबरी टोपीसारखं लेन्स खेचून काढायचं साधन मिळतं, ते मुख्यतः कडक लेन्ससाठी आहे. मऊ लेन्सवर, त्यातही लेन्स डोळ्यात नसताना ते लावलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

काढलेली लेन्स तळहातावर ठेवून सोल्यूशन टाका आणि गादीने हलकेच चोळा. चोळायची गरज नाही असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी चोळा. मग ताज्या सोल्यूशनने डबी भरा. कालचं सोल्यूशन अर्धं ओतून वरून भर घालायची कंजुषी अनेक जणी करतात. २००६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्सवाल्यांच्या डोळ्यात बुरशीच्या संसर्गाची मोठी लाट आली, एक सोल्यूशन बाजारातून मागे घ्यावं लागलं. तेव्हाच्या तपासातून ही जुन्यात नवं घालायची सवयही चर्चेत आली. डबी तीन महिन्यांत बदलायचीच.

लेन्स घालून झोपणं, मग ती दुपारची डुलकी असो की वलिम्यानंतरची रात्र, संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढवतं, असं अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था सांगते. मिटलेल्या पापणीआड कॉर्नियाला ऑक्सिजन आधीच कमी मिळतो, वरून लेन्स. बिरवाडीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून कंपनीच्या बसमध्येच पेंगणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय केमिकलच्या प्लांटमध्ये लेन्स घालायची की नाही ते आधी कंपनीच्या सेफ्टीवाल्यांना विचारा, आणि घातली तरी गॉगल सोडू नका.

वुजू, रोजा, सुरमा

लेन्स घालून वुजू होतो का, हा प्रश्न मला दर रमजानला येतो. शाफई असो की हनफी, वुजूत किंवा गुस्लमध्ये डोळ्याच्या आत पाणी पोचवणं फर्ज नाही. त्यामुळे पाच वेळा लेन्स काढायची गरज नाही. फक्त चेहऱ्यावर पाणी घेताना डोळे मिटा आणि लगेच पुसा. सगळ्यात सोपा क्रम असा: फजरचा वुजू करा, नमाज पढा, हात कोरडे करून मग लेन्स घाला. गुस्लच्या आधी, आणि नदीत-विहिरीत पोहायच्या आधी मात्र लेन्स काढायची, कारण तिथे पाणी डोळ्यात गेल्याशिवाय राहत नाही.

अडचण लेन्सची नाही, चिकटवलेल्या नखांची आहे. ती नखावर पाणी पोचू देत नाहीत, नेलपॉलिशसारखंच. लेन्सच्या दृष्टीनेही ती वाईटच. कृत्रिम नख आणि खऱ्या नखाच्या मध्ये फट पडते, तिथे ओल साचते, ती ओल ब्रशनेही निघत नाही. रोज्यात थेंब घालण्याचा मसला आपापल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

सुरमा लेन्स काढल्यावर लावायचा. तसाही तो झोपताना लावायची रीत आहे. काजळ लावायचंच असेल तर लेन्स आधी, काजळ नंतर, आणि पापणीच्या बाहेरच्या कडेला.

रंगीत लेन्स

शून्य नंबरची असली म्हणून ती दागिना होत नाही. ती डोळ्याच्या त्याच पडद्यावर बसते. प्रत्येकाच्या कॉर्नियाचा गोलवा वेगळा असतो, न मोजता घेतलेली लेन्स कुणाला घट्ट होते, कुणाला सैल. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून अशा शोभेच्या लेन्सनासुद्धा वैद्यकीय उपकरण ठरवलं, त्याचं कारण हेच होतं. फक्त शादीपुरती हवी असेल तर डोळे तपासून घ्या आणि एकदा वापरून फेकायची, रोजची लेन्स घ्या. सोल्यूशन नको, डबी नको. एकमेकींच्या लेन्स घालून बघणं हे मांडवात सर्रास चालतं. ते बंद झालं पाहिजे. बहिणीचा टूथब्रश आपण वापरतो का?

नख लागलंच तर

ओरखडा पडला की डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. दोन्ही लेन्स काढा, चष्मा लावा. डोळा चोळू नका, त्यावर घट्ट पट्टी बांधू नका. गुलाबपाणी, मध, आईचं दूध, एरंडेल, यातलं काहीही घालू नका. मेडिकलमध्ये जाऊन "डोळ्याचे थेंब द्या" म्हणू नका. स्टेरॉइडच्या थेंबाने लाली एका दिवसात उतरते, बरं वाटतं, आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. भातलावणीच्या दिवसांत रोपाचं पातं डोळ्याला लागलं तर बुरशीचा संसर्ग होतो, तिथेही हेच लागू आहे. त्या दिवसांत शेतात लेन्स नकोच.

त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून महाडला यायचं म्हणजे एसटीची वेळ, घाटाचा रस्ता, पावसात दरडीची धास्ती. म्हणून पहाटेच ठरवा, संध्याकाळपर्यंत "बघू" म्हणून थांबू नका. गावाजवळ डोळ्यांचे डॉक्टर नसतील तर आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि तिथून पुढे कुठे जायचं ते लिहून घ्या. बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, नजर धूसर झाली असेल किंवा दुखणं वाढत असेल, तर तासांचा हिशोब आहे, दिवसांचा नाही.

जाताना काढलेली लेन्स, डबी आणि सोल्यूशनची बाटली पिशवीत घालून बरोबर न्या, धुऊन टाकू नका. डबीतल्या सोल्यूशनवरून कुठला जंतू आहे ते लॅबमध्ये कळू शकतं. लेन्स किती दिवस घातली, घालून झोपलात का, नळाचं पाणी लागलं का, कुठले थेंब घातले, हे खरं खरं सांगा. भाचीने पहिल्या दिवशी नखाचं सांगितलंच नव्हतं, आई रागवेल म्हणून.